अन्न वैशाखात उरतं, भूक आषाढात लागते: तालुक्याच्या ठिकाणी फूड बँक उभी करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या जवळ राहता, लग्नसराईत मंगल कार्यालयांतून पातेलीच्या पातेली अन्न फेकलेलं दिसतं, टोमॅटोचा भाव पडला की रस्त्याच्या कडेला क्रेट ओततात, आणि दुसरीकडे द्राक्षबागांत कामाला आलेल्या मजुरांच्या घरी चूल एकच वेळ पेटते. तुम्ही आठ मित्र, एक छोटा हत्ती टेम्पो आणि जमवलेले दीड लाख रुपये. फूड बँक कशी सुरू करायची आणि चौकात फ्रिज ठेवावा का, असं विचारलंय.

आधी प्रश्नच जरा हलवून बघू. तुम्ही धरून चाललाय की इकडे अन्न उरतं, तिकडे माणूस उपाशी आहे, मध्ये फक्त गाडी हवी. गाडीने सुटणारा भाग फार थोडा आहे. खरी अडचण अशी की उरतं ते आणि लागतं ते जुळत नाही. जागा जुळत नाही, महिना जुळत नाही, जिन्नसही जुळत नाही.

तुमच्याच भागाचं बघा. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि जूनपर्यंत चालतात. मग चातुर्मास. काढीव मुहूर्तांची चार-दोन लग्नं सोडली तर कार्यालयं रिकामी. बागेतली कामं ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत आणि नंतर एप्रिलच्या खरड छाटणीला. जिल्ह्याच्या पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून, पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली माणसं पावसाच्या तोंडाशी आपापल्या पाड्यावर परततात, कारण भात-नागलीची लावणी असते. आणि नेमके आषाढ-श्रावण हेच त्यांचे सर्वांत ओढीचे महिने: गेल्या सुगीचं धान्य संपलेलं, नवीन पीक शेतात, हातात मजुरी नाही. म्हणजे तुमच्याकडे अन्न उरतं वैशाखात पिंपळगावला, आणि भूक असते आषाढात सत्तरएक किलोमीटरवर, घाटापलीकडे. मसालेभात एवढं थांबत नाही. डाळ थांबते, गहू थांबतो, कांदा थांबतो.

फूड बँकेतला ‘बँक’ हा शब्द यासाठीच आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला १९६७ साली जॉन व्हॅन हेंगल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली, तिला जगातली पहिली मानतात. तिथली कल्पना साधी होती: ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेव ठेवायची, ज्याला कमी आहे त्याने काढायची. मुंबईत डबेवाल्यांनी सुरू केलेली रोटी बँक किंवा शहरोशहरीची रॉबिन हूड आर्मी ही कामं चांगलीच आहेत, पण ती तयार जेवण त्याच दिवशी पोचवण्याची आहेत. मोठ्या शहरात रोज रात्री हॉटेलं असतात आणि रोज रात्री फुटपाथवर माणसं असतात, म्हणून ते जमतं. तालुक्याच्या गावात दोन्ही बाजू अनियमित. इथे गोदाम आणि वही हवी; गाडीचा नंबर त्यानंतर लागतो.

आता सुरुवात कुठून? माणसांपासून. पहिले दोन आठवडे एकही किलो गोळा करू नका. आशा सेविका, रेशन दुकानदार, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि बागायतदारांचे मुकादम, एवढ्या चौघांना विचारून पन्नास-साठ घरांची यादी करा आणि त्या घरी जा. ‘गरीब आहात का’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतील किंवा लाजेने सगळे नाही म्हणतील. जागतिक अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक पट्टी आहे, त्यातले तीन प्रश्न आपल्या बोलीत पुरतात. गेल्या महिन्यात घरात काही नाही म्हणून एखादं जेवण टाळलं का? भूक असून खाल्लं नाही, असं झालं का? सबंध दिवस उपाशी काढला, असं झालं का? पहिल्याला हो म्हणणारी घरं बरीच निघतात. तिसऱ्याला हो म्हणणारी तुमची पहिली यादी.

त्याच फेरीत रेशनकार्ड बघायला मागा, आणि हे काम कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरीही कार्डात भोकं असतात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं म्हणून सासरी चढत नाही. तीन वर्षांच्या पोराचं नाव अजून लावलेलं नसतं. ई-केवायसीला अंगठा उमटत नाही म्हणून म्हातारीचा शिधा अडतो. एका प्राधान्य कुटुंबात सून आणि नातू अशी दोन नावं चढली, तर महिन्याला १० किलो, वर्षाला १२० किलो धान्य त्या घरात येतं, आणि त्यासाठी तुमचं एक लिटर डिझेलही जळत नाही. स्थलांतरित मजुरांना तर कित्येकदा माहीतच नसतं की पेठचं कार्ड असलं तरी इथल्या, निफाड तालुक्यातल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं, आणि घरातली निम्मी माणसं गावी असतील तर हिस्सा वाटूनही घेता येतो. मात्र ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार ही वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आणि तालुक्याचा इष्टांक, म्हणजे किती लाभार्थी घ्यायचे तो ठरवून दिलेला आकडा, या दोन भिंती आहेत. इष्टांक भरला असेल तर पात्र घरही बाहेर राहतं. ती घरं तुमच्या यादीत वर घ्या.

मग देणार काय? रेशनचं गणित करून बघा. ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६५ ग्रॅम धान्य, साधारण ५७५ कॅलरी. राबणाऱ्या माणसाला दोन हजारांच्या वर लागतात. बाकीचं मजुरीतून येतं. मजुरी थांबली की घरातलं सगळ्यात आधी काय बंद होतं? डाळ आणि तेल. भाकरी आणि तिखट-मीठ शेवटपर्यंत टिकतं. म्हणून कार्ड चालू असलेल्या घराला पुन्हा तांदूळ-गहू देण्यात अर्थ नाही, कितीही भरघोस दिसलं तरी. चार माणसांच्या घराला महिन्यासाठी असा संच ठेवा: तूरडाळ २ किलो, मसूर, मूग किंवा उडीद १ किलो, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, तेल १ लिटर, मीठ १ किलो, मिरची पूड पाव किलो, हळद १०० ग्रॅम. यात अठ्ठावीस हजारांच्या आसपास कॅलरी आणि नऊशे ग्रॅम प्रथिनं येतात. माणशी दिवसाला साडेसात ग्रॅम. दिसायला कमी वाटेल, पण नुसत्या भात-भाकरीवर काढलेल्या महिन्यात एवढ्यानेही फरक पडतो. घाऊकात हा संच आठशे-नऊशेत बसतो, डाळीच्या भावावर थोडं खालीवर. ज्यांचं कार्डच नाही त्यांना याच्या जोडीला २० किलो धान्य.

धान्य देताना त्या घरात काय शिजतं ते विचारा. सुरगाण्याकडे भात आणि नागलीची भाकर हे रोजचं जेवण. तिथे गव्हाच्या पिठाच्या पिशव्या वाटल्या की त्या आठवडी बाजारात निम्म्या भावाने विकलेल्या दिसतात आणि मग देणारे रागावतात. चूक घेणाऱ्याची नसते. त्या भागात तुरीपेक्षा उडदाला हात लवकर जातो, हेही ध्यानात ठेवा.

यादीत क्षयरोगी असलेलं घर निघालं तर ते सगळ्यात वर. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात रुग्णाला महिन्याला १० किलो आणि घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ असा शिधा दिला होता. २०२३ साली ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकांत निष्कर्ष आले, तेव्हा अशा घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसलं. शिध्याचा एवढा मोजून दाखवलेला परिणाम दुसरीकडे सहसा सापडत नाही. सरकारची ‘निक्षय मित्र’ योजना याच कामासाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन संस्था म्हणून नाव नोंदवा, म्हणजे रुग्णाच्या संमतीने यादी अधिकृतपणे मिळते आणि काम दुबार होत नाही.

एवढं ठरलं की गोळा करणं सोपं होतं, कारण काय मागायचं ते माहीत असतं. तुमच्या भागाची जमेची बाजू म्हणजे कांदा. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात उन्हाळ कांद्याची गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, व्यापाऱ्याला फारशी नको असते. पण ती नीट वाळलेली असेल तर चाळीत तीन-चार महिने टिकते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घेतलेली आषाढात वाटता येते. आडत्याकडे ‘काहीतरी द्या’ म्हणून जाऊ नका. ‘आठवड्याला दोन गोण्या गोल्टी, मान वाळलेली, खाद (खराब माल) नको’ असं सांगा. नेमकं मागणाऱ्याला लोक देतात. गोण्या एकावर एक रचून बंद खोलीत ठेवल्यात तर पंधरा दिवसांत वास मारेल. खालून हवा खेळली पाहिजे आणि थर तीन-चार फुटांच्या वर नको. बटाटा त्याच खोलीत ठेवू नका, एकामुळे दुसरा लवकर कोंभ धरतो आणि सडतो.

टोमॅटोचं मात्र जपून. भाव पडतो तेव्हा सगळीकडेच पडतो, त्यामुळे त्या आठवड्यात गरिबाच्या घरीही टोमॅटो असतोच. दोनशे क्रेट फुकट मिळाले म्हणून उचलले, तर तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात चिखल आणि चिलटं. २० किलोच्या क्रेटमधून निवडून १४-१५ किलो धड निघतो. घराला एका वेळी दोन किलोच्या वर खपत नाही. साठ घरं असतील तर आठ-नऊ क्रेट, आठवड्यातून दोनदा, बस्स. वाळवून ठेवू असं कुणीतरी सुचवेलच. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, म्हणजे एका क्रेटचं जेमतेम किलोभर वाळवण होतं, आणि आवक असते ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा ऊन नसतं. नाद सोडा.

धान्यासाठी सुगीच्या वेळी फेरी काढा. हरभरा आणि गहू फेब्रुवारी ते एप्रिल, बाजरी ऑक्टोबर-नोव्हेंबर. घरटी एक पायली मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. घेताना दाणा दाताखाली धरा. कट्टकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. ओलसर धान्य एकाने दिलं आणि ते तुम्ही ढिगात मिसळलंत की बाकी सगळ्यांचं जातं. पुन्हा उन्हात घाला, आणि तापलेलं तसंच पोत्यात भरू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते.

गोदामासाठी तीनशे-चारशे चौरस फुटांची पक्की खोली पुरते. दोनशे संच म्हणजे फार तर दोन टन माल. पोती जमिनीवर नाहीत. चार-सहा इंच उंचीच्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून दोन फूट सोडून, म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदराची लेंडी दिसते. उंदराचं पिल्लू बोटाएवढ्या फटीतूनही आत येतं, तेव्हा दाराखालच्या फटीला पत्रा आणि खिडकीला बारीक लोखंडी जाळी. पत्र्याचं छप्पर असेल तर मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, वर पाणी ओतून बघा. पाऊस सुरू झाल्यावर गळती शोधणं म्हणजे भिजलेली पोती मोजणं. डाळ पावसाळ्यात पंचेचाळीस दिवसांच्या वर साठवू नका, भुंगे होतात. पीठ तर अजिबात साठवू नका. गहू ठेवा आणि वाटपाच्या आदल्या दिवशी दळा. कीड लागली म्हणून कुणी सल्फासच्या गोळ्या आणून देईल, त्या बंद खोलीत माणूस मारतात. परवानाधारक धुरीवाल्याशिवाय तो डबा गोदामात येता कामा नये. प्रत्येक पोत्याला खडूने मोठ्या अक्षरात मुदत लिहा. आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम सगळे सांगतात. आपल्याकडे तो आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर असा हवा, कारण देणगीत काल आलेल्या मालाची मुदत परवा संपत असते.

कंपन्या आणि मॉल मुदत जवळ आलेला पाकीटबंद माल देऊ करतात. इथे नाही म्हणायला शिकावं लागतं. वाटून, घरी पोचून, खाऊन होईपर्यंत मुदत शिल्लक राहील तेवढंच घ्या; पंधरा दिवसांच्या खाली असेल तर सरळ नकार द्या. साखरेच्या पाण्याच्या बाटल्या आणि नूडल्सचे ढीग हे बहुधा तुमच्या भुकेचं नव्हे, त्यांच्या गोदामाचं दुखणं असतं. तान्ह्या बाळांची दूध पावडर आणि बाटल्या कुणी दिल्या तरी वाटू नका. १९९२ च्या कायद्याने अशा वाटपावर बंदी आहे, आणि अशुद्ध पाण्यात कालवलेली पावडर बाळाला हगवण लावते ते वेगळंच.

आता तुमच्या मूळ प्रश्नातला शिजलेल्या अन्नाचा भाग. करू नका असं म्हणत नाही, पण हा सगळ्यात जोखमीचा आणि सगळ्यात कमी भरवशाचा हिस्सा आहे, म्हणून शेवटी जोडा, आणि जोडला तर पुढचं सगळं पाळा.

एक खुपसायचा थर्मामीटर घ्या, हजार-दीड हजारात येतो. तो खरा आहे का हे बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बघा, शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात बघाल तर नाशिकच्या उंचीवर १०० नव्हे, ९८ च्या जवळ येईल. त्यावरून थर्मामीटर बिघडला असं समजू नका. कार्यालयात गेलात की टेबलावर मांडलेलं अन्न घ्यायचं नाही, भटारखान्यातलं, न वाढलेलं तेवढंच. पातेलं न ढवळता मधोमध, तळाच्या वर चार बोटं, सुई धरा. ६० अंशांच्या वर असेल तर गरम राहणाऱ्या डब्यात भरा आणि निघा. खाली असेल तर आचाऱ्याला विचारा, आच कधी काढली. दोन तासांच्या आत असेल तर घ्या, पण आच काढल्यापासून चार तासांत ते पोटात गेलं पाहिजे. दुपारी एकची पंगत आणि तुम्हाला फोन साडेचारला, तर आभार मानून नको म्हणा. कार्यालयाच्या मॅनेजरशी सीझनआधीच बोलून ठेवा, म्हणजे शेवटची पंगत बसतानाच फोन येतो.

एवढी कडक शिस्त कशासाठी, तर भातासाठी. भातात असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. कोमट भातात ते उगवतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तसंच माणसाच्या हातावरच्या जंतूंचं, खवा-बासुंदीत. वास येत नाही, चव बदलत नाही. ‘मी चाखून बघितलं, चांगलं आहे’ या वाक्याला इथे काडीचीही किंमत नाही. शंभर लिटरच्या पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून थंड करायचंच असेल तर परातीत दोन इंचांचा थर करून लगेच फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली.

बासुंदी, श्रीखंड, पनीर, खोबऱ्याची चटणी, दह्यातली कोशिंबीर, चिरलेली फळं कधीच घेऊ नका. पुऱ्या, पोळ्या, बुंदी, बालुशाही, कोरडे लाडू हे सोपे. वरण गरम असेल तर चालतं. आणि अंतराचा हिशोब ठेवा: दहा किलोमीटरच्या आत आणि किमान पंचवीस किलो, म्हणजे साठ-सत्तर पानं, याच्या खाली गाडी काढली तर अन्नापेक्षा डिझेल आणि माणसाचे तास महाग पडतात. नाकारलेलं अन्न गायीपुढे घमेलंभर ओतू नका, जास्त भाताने तिचं पोट फुगतं. खताच्या खड्ड्यात घाला.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांखाली नोंदणी करून घ्या आणि कुणाकडून, कधी, काय, किती आलं आणि कुठे गेलं याची वही ठेवा. पहिल्या वर्षी नवा ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेली आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) असलेली गावातली एखादी जुनी संस्था शोधा आणि तिचा उपक्रम म्हणून चालवा. ऑडिट आणि पावत्यांचा त्रास वाचतो. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला, पैसा हवा असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागेल. व्यापारी माल द्यायला का कचरतो याचंही एक साधं कारण आहे: फुकट दिलेल्या मालावर आधी घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्याला परत करावं लागतं. त्याला कंजूष म्हणण्याआधी त्याच्या हिशेबनिसाशी बोला.

वाटप स्वतः रांगा लावून करू नका. शाळेचे गुरुजी, आशा सेविका, बचत गट अशा वस्तीतल्याच पाच-सहा ठिकाणी माल द्या आणि त्यांच्याशी एक पानी करार करा: विक्री नाही, जात-धर्म-पक्ष विचारायचा नाही, वही ठेवायची, आणि फोटो नाही. देणगीदाराला फोटो हवा असेल तर पोत्यांचा काढा. पिशवी हातात घेऊन उभी केलेली बाई पुढच्या महिन्यात येत नाही, आणि ती का आली नाही हे तुम्हाला कधी कळत नाही. महिनाअखेरीला गोदाम मोजा: सुरुवातीचा साठा अधिक आलेला, वजा दिलेला, वजा फेकलेला, बरोबर शिल्लक. शंभर किलोत दोन किलोच्या वर तूट निघाली तर गळती, उंदीर किंवा माणूस, तिन्हीपैकी एक आहे. त्याच आठवड्यात शोधा.

तुमच्या दीड लाखात काय बसतं? चाळीस घरं, जुलै ते सप्टेंबर तीन महिने, साडेआठशेचा संच: १ लाख २ हजार. उरलेल्या ४८ हजारांत वजनकाटा, पॅलेट, थर्मामीटर, गोणपाट आणि घाटातल्या महिन्याच्या फेऱ्यांचं डिझेल. सगळी चाळीस घरं दोन-तीन शेजारच्या पाड्यांवरचीच निवडा, पाच तालुक्यांत पसरू नका. दर महिन्याला हाताळणीचा खर्च भागिले वाटलेले किलो, हा एक आकडा फळ्यावर लिहा. किलोमागे पाच-सात रुपये जात असतील तर ठीक. वीसच्या वर गेले तर गाडी अर्धी रिकामी फिरतेय. लोक डाळ आनंदाने देतात, डिझेलला पैसे देताना तोंड फिरवतात, तेव्हा हा आकडा त्यांच्यापुढे ठेवायला बरा पडतो.

राहिला चौकातला फ्रिज. तो कुणाच्या जागेत, कुणाच्या मीटरवर आणि सकाळ-संध्याकाळ उघडून बघायला कोण, या तिन्हींना एकेका माणसाचं नाव असेल तरच ठेवा. उन्हाळ्यात लाईट चार तास गेली तर आतलं सगळं फेकायचं, हा निर्णय घेणारा माणूस तोच. घरून आणलेलं शिजवलेलं अन्न त्यात घेऊ नका, कारण ते कधी शिजलं हे कुणालाच माहीत नसतं. फळं, पाकीटबंद दूध, उकडलेली न सोललेली अंडी आणि त्यावर तारखेची चिठ्ठी, एवढंच आत. दाराला आतून एक थर्मामीटर लटकवा. पाचच्या वर गेला की त्या दिवशी फ्रिजवर पाटी उलटी करून ‘आज बंद’.